सिउदाद रेआल हँडबॉल क्लब

स्पेनच्या कास्तिया-ला मांचा प्रांतातील सिउदाद रेआल या शहराचा पुरुषांचा व्यावसायिक हँडबॉल क्लब. स्थापना १९८१. २००२ ते २०११ या काळात त्याने पाच वेळा स्पेनची आसोबाल लीग, तीन वेळा युरोपीय चॅम्पियन्स लीग (२००६, २००८, २००९) आणि दोन वेळा जागतिक क्लब स्पर्धा (२००७, २०१०) जिंकली. २०११ मध्ये क्लब माद्रिदला हलला, आतलेतिको माद्रिद या नावाने खेळू लागला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात बंद पडला. एवढ्या उंचीवरून इतक्या झटपट नाहीसा झालेला दुसरा क्लब युरोपीय हँडबॉलमध्ये सहसा सापडत नाही. त्यामुळे त्याचा इतिहास सांगताना गोलांइतकाच पैशाचा हिशेबही मांडावा लागतो.

सिउदाद रेआलची वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. भोवती ला मांचाचे कोरडे पठार, द्राक्षमळे आणि पवनचक्क्या. सेर्वान्तेसच्या डॉन किहोतेचा हा मुलूख. १९९२ मध्ये माद्रिद–सेव्हिया वेगवान रेल्वे सुरू झाली आणि तिचे स्थानक मिळाल्याने राजधानी तासाभराच्या आत आली. त्या काळात स्पॅनिश हँडबॉलची खरी ठाणी उत्तरेला आणि कातालोनियात होती. १९९४ मध्ये सान्तान्देरच्या तेकाने आणि १९९५ मध्ये इरूनच्या बिदासोआने युरोपचे विजेतेपद मिळवले. १९९६ ते २००० अशी सलग पाच वर्षे ते बार्सिलोनाकडे राहिले आणि २००१ मध्ये पाम्प्लोनाच्या पोर्टलँड सान आन्तोनिओकडे गेले. या नकाशावर मध्य स्पेनमधले हे प्रशासकीय कचेऱ्यांचे शांत शहर कुठेच नव्हते.

चित्र बदलले ते दोमिंगो दियाज दे मेरा या बांधकाम व्यावसायिकामुळे. स्पेनमध्ये तेव्हा घरबांधणीला उधाण आले होते. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी नावाजलेले खेळाडू जमवायला सुरुवात केली. तयार संघ विकत आणण्याचा हा मार्ग स्थानिक मुलांच्या वाढीला पोषक नव्हता, अशी टीका होते आणि ती खोटी नाही. पण आणलेल्या माणसांची निवड बहुतेक वेळा अचूक ठरली, हेही मान्य करायला हवे. पूर्वाश्रमीचे युगोस्लाव्ह महान खेळाडू वेसेलिन वुयोविच प्रशिक्षक म्हणून आले. आतलेतिको माद्रिदच्या जुन्या हँडबॉल संघाला आणि पुढे स्पेनच्या राष्ट्रीय संघाला घडवणारे हुआन दे दिओस रोमान यांचे मार्गदर्शनही क्लबला लाभले. २००२ आणि २००३ मध्ये युरोपीय चषकविजेत्यांची स्पर्धा लागोपाठ जिंकून क्लबने आपली दखल घ्यायला लावली. २००३ मध्ये पाच हजारांवर आसनांचे कीहोते अरेना हे नवे क्रीडागृह उभे राहिले आणि लगेच २००३–०४ च्या मोसमात पहिली लीग घरी आली.

या साऱ्याच्या केंद्रस्थानी होता तलांत दुयशेबायेव. त्याचा जन्म १९६८ मध्ये किर्गिझस्तानच्या राजधानीत, तेव्हाच्या फ्रुन्झे शहरात झाला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघाकडून त्याने सुवर्णपदक मिळवले, नंतर स्पेनचे नागरिकत्व घेतले आणि स्पेनसाठी दोन ऑलिंपिक कांस्यपदके जिंकली. जगातील सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याला दोनदा मिळाला. तेकाच्या १९९४ च्या विजेत्या संघात तो होताच. जर्मनीत काही वर्षे काढून २००१ मध्ये तो सिउदाद रेआलला आला. २००५ मध्ये प्रशिक्षकपदाची सूत्रे हाती घेतली तरी त्याने खेळणे सोडले नव्हते. २००६ चे युरोपीय विजेतेपद त्याने खेळाडू-प्रशिक्षक म्हणून मिळवले आणि २००७ मध्ये मैदानावरून निवृत्ती घेतली. बाजूच्या रेषेवर येरझाऱ्या घालत, हातवारे करत, वेळप्रसंगी पंचांशी हुज्जत घालणारा तलांत क्लबची ओळखच बनला.

त्याच्या संघाचे बळ बचावात होते. हँडबॉलमध्ये गोलासमोर सहा मीटरवर अर्धगोलाकार रेषा असते आणि तिच्या आत फक्त गोलरक्षक उभा राहू शकतो. उरलेले सहा जण त्या रेषेबाहेर भिंत उभी करतात. कबड्डीत कोपरारक्षक आणि त्याचा जोडीदार साखळी धरून चढाईपटूला अडवतात तसे इथे शेजारी-शेजारी उभे असलेले दोन मधले बचावपटू एकमेकांचा अंदाज घेत पुढे-मागे सरकतात. सिउदाद रेआलसाठी हे काम फ्रान्सचा दिदिए दिनार करायचा. २००७ पासून विरान मोरोसही त्याच्या जोडीला आला. हँडबॉलमध्ये खेळ न थांबवता कितीही वेळा बदली करता येते. त्याचा पुरेपूर फायदा उठवत दिनार जवळजवळ फक्त बचावापुरता उतरायचा. चेंडू ताब्यात आला की तो थेट बाकाकडे धावत सुटे आणि त्याच्या जागी आक्रमणाचा माणूस आत शिरे. गोलांच्या यादीत त्याचे नाव शोधावे लागते, पण प्रतिस्पर्धी संघांच्या बैठकांत ते पहिले निघत असणार. या भिंतीमागे मूळचा सर्बियाचा आणि पुढे स्पेनचा झालेला आर्पाद श्टेर्बिक होता. २००५ चा जगातील सर्वोत्तम खेळाडू तोच. त्याच्या जोडीला होसे हाविएर ओम्ब्रादोस. एका संघाकडे असे दोन गोलरक्षक असणे ही त्या काळातली चैन होती.

आक्रमणाची उजवी बाजू डावखुऱ्यांची. आइसलँडचा ओलाफुर स्टेफान्सन २००३ मध्ये माग्देबुर्गहून आला आणि २००९ पर्यंत राहिला. उंच उडी, हवेत क्षणभर थांबल्याचा भास आणि शेवटच्या क्षणी मनगट वळवून दिलेला पास, ही त्याची खासियत. अंगाने रांगडा असूनही तो ताकदीपेक्षा डोक्याने खेळायचा. त्याच जागेवर क्रोएशियाचा पेतार मेत्लिचिच, तर टोकाला त्याचाच देशबंधू मिर्झा जोम्बा आणि पुढे फ्रान्सचा लुक आबालो. डाव्या टोकाचा स्वीडिश योनास शेलमान २००२ पासून अगदी शेवटपर्यंत क्लबसोबत राहिला. सहा मीटर रेषेवर, बचावपटूंच्या मधोमध पाठ लावून उभा राहणारा पिव्हट म्हणजे क्युबात जन्मलेला रोलांदो उरियोस. त्याच्या हातात चेंडू पोचला की गोल किंवा पेनल्टी, दोहोंपैकी एक ठरलेले. डावीकडून दूरवरून फटके मारायला कर्णधार आल्बेर्तो एन्त्रेरिओस आणि बेलारूसमध्ये जन्मलेला सियारहेई रुतेन्का होते. २००५ मध्ये स्पेनने ट्युनिशियात पहिले विश्वविजेतेपद मिळवले तेव्हा उरियोस आणि एन्त्रेरिओस दोघेही त्या संघात होते. रुतेन्काची कारकीर्द तर क्लब हँडबॉलचा वेगळाच अध्याय आहे. स्लोव्हेनियाचा त्स्येल्ये, सिउदाद रेआल आणि बार्सिलोना या तीन क्लबांकडून मिळून त्याने सहा वेळा चॅम्पियन्स लीग जिंकली. त्यांतल्या तीन इथल्या.

चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी तेव्हा दोन सामन्यांची असे, एक घरी आणि एक बाहेर. विजेता एकूण गोलांवर ठरे. २००५ मध्ये सिउदाद रेआलने बार्सिलोनाला घरी २८–२७ असे हरवले, परतीचा सामना २७–२९ असा गमावला आणि करंडक एका गोलाने हुकला. पुढच्याच वर्षी पोर्टलँड सान आन्तोनिओविरुद्ध २५–१९ आणि ३७–२८ असे दोन्ही सामने जिंकून पहिले विजेतेपद आले. त्या अंतिम फेरीत चुरस फारशी नव्हती.

खरी झुंज जर्मनीच्या कील संघाशी. २००८ मध्ये कीलने पहिला सामना सिउदाद रेआलमध्ये येऊन २९–२७ असा जिंकला. कीलच्या दहा हजारी क्रीडागृहात परतीचा सामना म्हणजे औपचारिकता, असेच बहुतेकांना वाटले असणार. पाहुण्यांनी तो ३१–२५ असा मारला. २००९ मध्ये पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले. या वेळी कीलने घरच्या मैदानावर ३९ गोल केले आणि ३९–३४ अशी पाच गोलांची आघाडी घेतली. बचावासाठी ओळखल्या जाणाऱ्या संघावर ३९ गोल होणे ही नामुष्कीच होती. कीहोते अरेनातल्या परतीच्या सामन्यात त्याच बचावाने कीलला २७ वर रोखले आणि यजमानांनी ३३ केले. एकूण ६७–६६. चार वर्षांपूर्वी एका गोलाने गेलेला करंडक या वेळी एका गोलाने राहिला. मायदेशात २००७ ते २०१० अशी सलग चार वर्षे लीगही त्यांच्याकडेच होती. बार्सिलोनासारख्या श्रीमंत क्लबला पाऊण लाख वस्तीच्या शहराने चार मोसम मागे ठेवणे, हा माझ्या मते युरोपीय करंडकांपेक्षाही मोठा पराक्रम.

मात्र २००८ पासून स्पेनचे बांधकाम क्षेत्र कोसळत होते. याच शहराजवळ, दियाज दे मेरा ज्याच्या प्रवर्तकांपैकी एक होते तो खासगी विमानतळ २००८ च्या अखेरीस सुरू झाला. चार किलोमीटरची धावपट्टी, सुमारे एक अब्ज युरो खर्च आणि प्रवासी जवळपास नाहीतच. २०१२ मध्ये तो बंद झाला आणि भुताटकीचा विमानतळ म्हणून जगभर गाजला. त्यात पैसा अडकलेल्या काखा कास्तिया-ला मांचा या बचत बँकेचा कारभार मार्च २००९ मध्ये मध्यवर्ती बँकेने ताब्यात घेतला. क्लब आणि विमानतळ हे एकाच आर्थिक हवेत वाढलेले उद्योग होते. ती हवा पडल्यावर दोघांनाही धाप लागली. २००९ मध्ये स्टेफान्सन जर्मनीला आणि रुतेन्का बार्सिलोनाला गेला. तरी हुलेन आगिनागाल्देसारखा पिव्हट आणि २०१० मध्ये मॅसेडोनियाचा कीरिल लाझारोव यांना आणून संघाचा दर्जा टिकवला गेला. मे २०११ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या कोलोनमधल्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाने २७–२४ असे हरवले. सिउदाद रेआल या नावाने खेळलेली ती शेवटची युरोपीय लढत.

त्याच उन्हाळ्यात संघ माद्रिदच्या व्हिस्तालेग्रे क्रीडागृहात गेला. आतलेतिको माद्रिद फुटबॉल क्लबने आपले नाव आणि लाल-पांढरे पट्टे दिले. आतलेतिकोचा स्वतःचा हँडबॉल विभाग पूर्वी अकरा लीग जिंकून गेला होता आणि हेसूस गिल यांच्या अध्यक्षपदाच्या काळात मोडीत निघाला होता. जुन्या नावाभोवती माद्रिदकर जमतील ही अपेक्षा. काही प्रमाणात ते जमलेही. संघाने २०१२ मध्ये चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठली, पण कीलने २६–२१ असे हरवून जुनी उधारी फेडली. त्याच वर्षी जागतिक क्लब स्पर्धा जिंकली आणि २०१२ व २०१३ मध्ये राजाचा चषकही. पैशाचा प्रश्न मात्र सुटला नाही. जुलै २०१३ मध्ये क्लब गुंडाळला गेला. मागे राहिलेल्या शहराला या स्थलांतरातून काहीच मिळाले नाही. कीहोते अरेनात आता स्थानिक कासेरिओ क्लबचे सामने होतात.

ही पडझड एकट्या सिउदाद रेआलची नव्हती. तेका २००८ मध्येच संपला होता. सान आन्तोनिओ २०१३ मध्ये आणि व्हायादोलिदचा क्लब २०१४ मध्ये बंद झाला. परिणामी २०११ पासून आसोबाल लीग बार्सिलोनाशिवाय कोणी जिंकलेली नाही.

खेळाडू आणि त्यांची विद्या मात्र देशोदेशी पसरली. दिनार फ्रान्सचा प्रशिक्षक झाला आणि २०१७ चे विश्वविजेतेपद त्याने गीयोम जीलसोबत मिळवले. लाझारोवने उत्तर मॅसेडोनियाच्या, तर सिउदाद रेआलचा माजी मध्यरक्षक चेमा रोद्रिगेसने हंगेरीच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. दुयशेबायेव २०१४ मध्ये पोलंडच्या कील्त्से क्लबमध्ये गेला. पुढे त्याची अलेक्स आणि दानिएल ही दोन्ही मुले तिथेच त्याच्या हाताखाली खेळली. २०१६ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात हंगेरीच्या व्हेस्प्रेमविरुद्ध कील्त्से एका टप्प्यावर १९–२८ असे मागे होते. तिथून बरोबरी साधून त्यांनी पेनल्टींवर करंडक जिंकला. निर्णायक पेनल्टी मारणारा होता आगिनागाल्दे, तोच सिउदाद रेआलचा पिव्हट.