रात्रीच्या एअरसॉफ्टसाठी डोळे आधी तयार करा

एअरसॉफ्ट म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांची लुटुपुटुची लढाई. तिच्या रात्रीच्या गेमला बहुतेक जण बॅटऱ्या चार्ज करून येतात आणि गेम सुरू होईपर्यंत मोबाइल बघत बसतात. सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. दृष्टिपटलात रंग आणि बारकावे टिपणाऱ्या सुमारे ६० लाख शंकुपेशी आणि मंद उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात. शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत अंधाराला सरावतात. दंडपेशींतलं ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश टिपणारं रसायन मात्र उजेडात विघटित होतं आणि पुन्हा भरायला अर्धा तास सहज लागतो. आठचा गेम असेल तर साडेसातनंतर मोबाइल बॅगेत टाका. उजेडात जाणं भागच पडलं, तर नेमाचा डोळा मिटून घ्या. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे सरावतात, त्यामुळे तो एक तरी वाचतो.

लाल टॉर्चचा उपयोग होतो, कारण गडद लाल प्रकाश दंडपेशींना फारसा जाणवत नाही. पण तो मंदच हवा. प्रखर लाल दिवाही अंधाराला सरावलेली नजर घालवतो. नकाशावर लाल पेनाने केलेल्या खुणा त्या उजेडात दिसत नाहीत, तेव्हा खुणा काळ्या शाईने करा.

दृष्टिपटलाच्या अगदी मध्यबिंदूत दंडपेशी नसतातच. म्हणून झुडपाकडे थेट रोखून पाहिलं की त्याआडचा माणूस दिसेनासा होतो. नजर १०-१५ अंश बाजूला ठेवा. हात लांब करून मूठ वळली, तर तिची रुंदी साधारण १० अंश भरते. नजर हलतीही ठेवा. काळोखात एकट्या ठिपक्याकडे एकटक पाहिलं, की तो जागेवर असूनही सरकतोय असा भास होतो आणि माणूस उगाच दगडावर छर्रे उडवत बसतो.

मुंबईच्या आसपास पूर्ण काळोख मिळतच नाही. पनवेलकडे खेळताना पश्चिमेचं आभाळ शहराच्या उजेडाने फिकट असतं आणि पूर्वेला प्रबळगड-माथेरानची रांग काळी. पूर्वेकडची जागा धरा. समोरच्यांच्या आकृती आभाळावर उठून दिसतील आणि तुम्ही डोंगराच्या काळ्यात राहाल. बांधाच्या माथ्यावरून मात्र कधीही चालू नका.

ट्रेसर दिसायला झकास. नळीच्या तोंडाशी बसवलेला अतिनील दिवा अंधारात चमकणाऱ्या खास छर्र्यांना चमकवून सोडतो, त्यामुळे नेम सुधारता येतो. पण ती हिरवी रेघ कुठून आली हे सगळ्यांनाच कळतं. दोन-तीन छर्रे सोडले की जागा बदला.

गॉगलवर वाफ धरणं हे इथलं खरं दुखणं. एसी गाडीत २२ अंशांवर गार झालेला गॉगल पावसाळी हवेत काढला की बाहेरूनच धुरकट होतो, कारण हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होतं तो, तेव्हा २४-२५ अंशांच्या आसपास असतो. तो आधी अर्धा तास बाहेर ठेवा. आतून धरणारी वाफ घामाची. त्याला दुहेरी काच बरी. मैदानात गॉगल वर करून पुसायचा नाही, सुरक्षित जागेत जाऊनच पुसायचा. मच्छरांसाठी डीटचं मलम लावलं असेल तर हात पुसून मगच गॉगल धरा; डीट काही प्लास्टिक खराब करतं.

काच निवडताना एक हिशेब करा. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला, तर त्यात १ ज्यूल ऊर्जा असते. युरोपच्या ईएन १६६ या सुरक्षा-चष्म्यांच्या मानकातल्या ‘एफ’ दर्जाची चाचणी ०.८६ ग्रॅमच्या पोलादी गोळीने सेकंदाला ४५ मीटर वेगाने होते, म्हणजे जेमतेम ०.८७ ज्यूल. ‘बी’ दर्जाची १२० मीटरने, म्हणजे ६.२ ज्यूल. अंधारात अंतराचा अंदाज हमखास चुकतो आणि छर्रा फार जवळून बसतो, तेव्हा ‘बी’च घ्या.

आरे किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला खेळायचा विचारही नको, तिथे बिबट्यांचा वावर आहे. खासगी जागा घ्या, मालकाची परवानगी घ्या आणि स्थानिक पोलीस ठाण्याला आधी कळवा. अंधारात खेळण्यातली बंदूक खरीच वाटते. पालथं पडून राहायच्या जागेवर एकदा अतिनील टॉर्च फिरवा. विंचू त्या उजेडात हिरवट-निळे चमकतात. साप चमकत नाहीत, त्यासाठी घोट्याच्या वर जाणारे बूटच हवेत.