जिप्सीचं फोर बाय फोर लागत नाही? ट्रान्सफर उघडण्याआधी हब बघा

(जुनी मारुती जिप्सी वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे ठरलेली तक्रार येते: "लिव्हर फोर एचमध्ये टाकला, दिवाही लागला, तरी चिखलात मागचीच चाकं फिरतात. ट्रान्सफर गेली का?" (फोर एच म्हणजे चारही चाकांना जोर देणारी लिव्हरची जागा; ट्रान्सफर म्हणजे इंजिनचा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी.) बहुतेक गाड्यांची ट्रान्सफर शाबूत निघते. बिघाड पुढच्या चाकांच्या हबमध्ये, म्हणजे चाक शाफ्टला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागात असतो, आणि खूपदा तो हब आधी कुणीतरी घरी उघडून बसवलेला असतो. घरी काम करण्याला आमची ना नाही. जिप्सी ही घरच्या पान्यांनी दुरुस्त होणारी गाडी आहे, आणि २०१९ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबल्यामुळे आता जी येते ती वापरलेलीच येते. फक्त क्रम चुकवू नका.

आधी त्या दिव्याबद्दल. डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा ट्रान्सफर केसवरच्या स्विचने लागतो. लिव्हर आत गेला एवढंच त्याला कळतं. पुढच्या चाकांपर्यंत जोर पोचायला दोन्ही हब लॉक असावे लागतात, आणि त्यांची खबर दिव्यापर्यंत जात नाही. पुढचं डिफरन्शियल (दोन चाकांत फिरकी वाटणारे गिअर) साधं आहे. एका बाजूचा हब फ्री राहिला तर सगळी फिरकी त्या मोकळ्या शाफ्टकडे पळते आणि लॉक केलेल्या चाकालाही काही मिळत नाही. तेव्हा एक हब बिघडला म्हणजे तीन चाकं चालतील, असा हिशेब करू नका. पुढून काहीच मिळणार नाही.

(काही जिप्सींना पुढे फ्री-व्हील हबच नसतात, चाक शाफ्टला कायम जोडणारी सरळ फ्लँज असते. चाकाच्या मध्यावर फिरवायचा नॉब दिसत नसेल तर तुमची गाडी त्यातली. हबचा भाग सोडून टायरपासून वाचा.)

जॅकवरची तपासणी

सपाट जागा बघा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, पुढची दोन्ही चाकं उचला आणि अ‍ॅक्सलखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. इंजिन बंदच राहू द्या, ही सगळी तपासणी हाताने होते.

दोन्ही नॉब फ्रीवर ठेवून चाकं फिरवा. दोन्ही हलकी फिरली पाहिजेत आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफरकडून पुढे जाणारा दांडा) जागचा हलता कामा नये. फ्रीवर असूनही शाफ्ट फिरत असेल तर तो हब सुटत नाही.

आता दोन्ही लॉक करा. नॉब फिरवला म्हणजे दात लगेच बसले असं नाही. चाक थोडं पुढेमागे हलवा, म्हणजे आतली रिंग सरकून बसते. लिव्हर फोर एचमध्ये टाका आणि डावं चाक हाताने फिरवा. उजवं चाक उलट्या दिशेने फिरलं पाहिजे. ते फिरलं नाही तर बाजू बदला, उजवं फिरवून बघा. जे चाक फ्रीमध्ये फिरत होतं तितकंच हलकं फिरेल, दोष त्या बाजूच्या हबचा, क्वचित त्या बाजूच्या शाफ्टचा.

शेवटी एका माणसाला एक चाक धरायला सांगा आणि दुसरं फिरवायचा प्रयत्न करा. मागची चाकं जमिनीवर आहेत, त्यामुळे फोर एचमध्ये पुढचा प्रोपेलर शाफ्ट अडलेला असायला हवा. तो मोकळा फिरत राहिला तरच ट्रान्सफर केसचा संशय घ्या: लिव्हरची जोडणी किंवा आतला, गिअर सरकवणारा फोर्क. अर्ध्या तासात कळतं की काम हबचं आहे की ट्रान्सफरचं. आमच्याकडे गाडी आली तरी पहिल्यांदा हेच करतो. "तुम्ही ट्रान्सफर उघडूनसुद्धा बघितली नाही" असं कुणी म्हटलं की आमचं उत्तर एवढंच: गरज नसताना उघडलेली ट्रान्सफर परत बसवण्याची मजुरी तुमच्याच बिलात चढते.

हब उघडताना

नॉब फ्रीवर ठेवा आणि कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे असे थोडे थोडे सैल करा. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने कडेला हलके ठोके द्या. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. बसायच्या पृष्ठभागावर एक चरा पडला की पुढच्या पहिल्याच ओढ्यात पाणी आत शिरतं. आत शाफ्टच्या टोकाला सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असते, ती सर्क्लिपच्या पक्कडीनेच काढा. मग हबची बॉडी बाहेर येते. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्प्रिंग कोणत्या बाजूला होती यावर नंतर घरात वाद होतात.

जुन्या ग्रीसचा रंग बघा. दुधट म्हणजे पाणी गेलंय. लालसर, खरबरीत म्हणजे गंज लागलाय. आणि ग्रीसऐवजी पातळ गिअर ऑइलचा वास येत असेल तर बिघाड हबच्या मागे आहे: आतलं अ‍ॅक्सल सील गेलंय, डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये (चाक वळतं त्या सांध्यात) उतरतंय. मग हब कितीही साफ करा, महिन्याभरात तेच होणार.

सगळे भाग रॉकेलमध्ये धुवा आणि पूर्ण कोरडे करा. सरकणारी रिंग शाफ्टच्या दातांवर बोटाने ढकलून बघा. न अडकता सरकली पाहिजे. दातांच्या कडा गोल झाल्या असतील तर रिंग जोर आला की सुटणार. तिला साफसफाईचा उपयोग नाही, ती बदलावीच लागते.

इथे सगळा घोळ होतो: ग्रीस

धुऊन झालं की हात आपोआप ग्रीसच्या डब्याकडे जातो, आणि हब कव्हरपर्यंत दाबून भरला जातो. पाणी आत जाऊ नये हा त्यामागचा विचार. पण हब म्हणजे बेअरिंग नव्हे. त्यात रिंग आणि स्प्रिंग यांना सरकायला मोकळी जागा लागते. ती जागा जाड ग्रीसने भरली की स्प्रिंग रिंगला ढकलते, पण पुढचं ग्रीस हटत नाही. नॉब लॉकवर फिरतो, दात मात्र अर्धेच बसतात. सपाटीवर काही जाणवत नाही. चढावर जोर आला की खट् करून सुटतं, आणि दर खेपेला दातांची कड थोडी झिजते. थंडीत ग्रीस घट्ट झालं की नॉबसुद्धा फिरत नाही. मग कुणीतरी पक्कड लावतो आणि नॉब तुटतो.

आमच्याकडे हबच्या तक्रारीवर सगळ्यात जास्त वेळ जातो तो या भरलेल्या ग्रीसवर. ते रिंगच्या दातांत, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत, नॉबच्या ओ-रिंगखाली जाऊन बसतं. दोन्ही बाजू धुऊन, वाळवून, तपासून परत बसवण्यात अर्धा दिवस मोडतो. म्हणून असा हब आला की आम्ही धुण्याची मजुरी वेगळी लावतो. उगीच लावली असं काही जणांना वाटतं. त्यांनी काम चालू असताना शेजारी उभं राहून बघावं, आम्ही अडवत नाही.

योग्य पद्धत अशी: दातांवर आणि रिंगच्या आतल्या बाजूला बोटाने पातळ हात, एवढंच. पूर्ण हबला चहाच्या चमच्याभराहून जास्त लागत नाही. नॉबच्या ओ-रिंगला किंचित. जाड ग्रीस खरोखर लागतं ते हबच्या मागे असलेल्या व्हील बेअरिंगना, आणि ते काम निराळं, त्यासाठी बेअरिंगचे नट काढून प्रेशर परत सेट करावं लागतं. पाणी अडवायचं काम ग्रीसचं नाही, पॅकिंगचं आणि ओ-रिंगचं आहे. पॅकिंग दर वेळी नवं टाका. त्याऐवजी सिलिकॉन थापू नका. दाबून बाहेर आलेलं सिलिकॉन आतही तितकंच जातं आणि रिंगला चिकटतं.

परत बसवताना सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली का ते बघा. शाफ्ट आत गेलेला असेल तर खाच दिसत नाही. शाफ्टच्या टोकाला आटे असतील तर त्यात बोल्ट लावून तो बाहेर ओढून धरा. कव्हर नॉब फ्रीवर ठेवूनच बसवा, बोल्ट समोरासमोर आवळा, लहान पान्याने. लांब पाना घेतला की आटे जातात. मग जॅकवरची तपासणी पुन्हा एकदा करा, चाक खाली उतरवण्याआधी.

पॅकिंग, ओ-रिंग आणि सर्क्लिप यांचा दोन्ही बाजूंचा जोड आम्ही काउंटरवर ठेवतो. फिटिंग घरी करणार असाल तरी घेऊन जा.

टायर

जिप्सी किंगला २०५/७० आर १५ टायर लागतात, त्यांचा घेर साधारण २१० सेंटिमीटर. पुढे झिजलेले आणि मागे नवे टायर टाकले आणि टायरच्या गोट्यांच्या (नक्षीच्या) उंचीत ५ मिलिमीटरचा फरक असला, तर घेरात ३ सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो. किलोमीटरमागे जवळपास ७ फेऱ्या. टू एचमध्ये, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना असताना, त्याने काही बिघडत नाही. फोर एचमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात, तो फरक जमिनीवर घसरूनच निघावा लागतो. चिखलात निघतो. डांबरावर, सिमेंटवर निघत नाही, मग पूर्ण गाडीला पीळ बसतो आणि लिव्हर फोर एचमध्ये अडकतो.

घेर मोजायला खडू पुरतो. टायरवर आणि खाली जमिनीवर खूण करा, गाडी चाकाच्या पाच फेऱ्या सरळ ढकला, अंतर मोजा. पुढचं आणि मागचं दोन्ही. हवा आधी सारखी करून घ्या. चारही टायर एकदम बदलणं खिशाला जड जातं हे आम्हालाही कळतं, पण दोनच बदलणार असाल तर त्या टायरांवर फोर एच फक्त मऊ जमिनीवर वापरा.

टायर चारही सारखे असले तरी कोरड्या डांबरावर फोर एच लावून "चालतंय का" बघू नका. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात, तिथे तसाच पीळ बसतो. वळताना गाडी आखडणं हा तिथे बिघाड नाही, फोर बाय फोर लागल्याची खूण आहे. लिव्हर अडकला तर ओढाताण करू नका, हातोडी तर नकोच. सरळ रेषेत दहा-पंधरा मीटर मागे घ्या, क्लच दाबा, लिव्हर सुटतो. मग थांबून हब फ्री करा. जोर लावून ओढलेल्या लिव्हरने फोर्क वाकतो, आणि मग मात्र ट्रान्सफर खरंच उघडावी लागते.

हब लॉक आणि लिव्हर टू एचमध्ये, असं डांबरावर चालवलं तर चालतं. उलट महिन्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर तसं चालवाच. आतलं ऑइल फिरतं, हब जाम होत नाहीत. वर्षानुवर्षे उभ्या राहून लिलावात निघालेल्या गाड्यांचे हब नेमके याच कारणाने जाम झालेले असतात.

गिअर सुटणं, आवाज, ऑइल

फोर एलमध्ये (चारही चाकं, हळू गिअर) चढावर लिव्हर आपोआप सुटत असेल तर आधी ट्रान्सफर केसची रबर माउंटिंग बघा. जिप्सीची ट्रान्सफर गिअरबॉक्सपासून वेगळी टांगलेली असते. रबर फाटलं की जोर आल्यावर ती फिरते आणि लिव्हरला धक्का देते. इंजिन बंद ठेवून पहारीने हलकं उचलून बघा, फाटलेलं रबर लगेच दिसतं. तीनही एकदम बदला.

गाडी जागेवरून काढताना ठक्क आवाज म्हणजे बहुधा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (चार टोकांचा सांधा). क्रॉसना ग्रीस निपल असतील तर चारही टोकांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा. शाफ्ट काढताना फ्लँजवर खूण करून ठेवा. वळताना पुढून टकटक येत असेल तर शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेलाय, ते नकल उघडायचं काम.

ऑइल: ट्रान्सफरमध्ये ०.८ लिटर, पुढच्या डिफरन्शियलमध्ये सुमारे २ लिटर, मागच्यात दीड लिटर. डिफरन्शियलना ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. आधी वरचा भरायचा प्लग सुटतो का ते बघा, मगच खालचा सोडा. वरचा जाम निघाला आणि खालून ऑइल सांडून गेलं, की गाडी टो करून आणावी लागते. ओढा ओलांडल्यावर ऑइल दुधट झालं असेल तर अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची वाट) तुंबलाय. तापलेलं अ‍ॅक्सल गार पाण्यात गेलं की आत हवा ओढतं, ब्रीदर बंद असला की सीलमधून पाणी ओढतं. नळी लावून ब्रीदर उंच घेणं हे छोटं काम आहे. मावळ-वेल्ह्याकडे जाणाऱ्यांनी पावसाआधी करून घ्यावं.

आमच्याकडे आणताना

नकल, आतलं सील, फोर्क आणि बेअरिंगचं प्रेशर ही कामं घरी काढू नका असं आम्ही सांगतो. त्यांना लागणारे पुलर आणि स्प्रिंग बॅलन्स घरी सहसा नसतात. बाकी हब, ऑइल, रबर, खुशाल करा.

तपासणीचा चार्ज आम्ही घेतो, नुसता नॉब फिरवून काम झालं तरी घेतो. दुरुस्ती इथेच केली तर तो बिलातून वजा होतो. हब उघडलाच असेल तर सुटे भाग पिशवीत एकत्र टाकून आणू नका. डावा वेगळा, उजवा वेगळा, चिठ्ठी लावून आणा. आणि फोनवर "फोर बाय फोर लागत नाही" एवढंच न सांगता जॅकवर कोणतं चाक फिरलं आणि कोणतं नाही ते सांगा. त्यावरून कोणते पार्ट मागवून ठेवायचे ते आम्हाला कळतं, आणि गाडी एका दिवसात परत जाते.