सुरमईच्या कल्ल्यातला चपटा कृमी

बेळगावात मासे घेताना आधी कल्ला उघडून बघतात सगळेच, लाल असला की ताजा, काळपट असला की पुढच्या पाटीकडं. कारवार, गोव्याची मासळी घाट चढून इकडं येते, तेव्हा बघून घ्यायलाच पायजे. पण सुरमईचा तोच कल्ला घरी बशीत मिठाच्या पाण्यात ठेवून भिंगातून बघा, कधीकधी लाल झालरीत काही मिलिमीटरची फिकट चपटी पट्टी चिकटलेली असते आणि तिच्या अंगातून काळपट रेघ जाते. ती रेघ म्हणजे तिचं आतडं, माशाचंच रक्त पचवून काळं झालेलं!

ही पट्टी म्हणजे एक परजीवी चपटा कृमी, आणि अशा कृमींच्या गटाला मोनोजीनियन म्हणतात. सुरमईवरच्या एका जातीचं नाव प्रायसिया मल्टी, चौहान नावाच्या भारतीय शास्त्रज्ञांनी 1945 साली तिचं वर्णन केलं. खरी कमाल तिच्या मागच्या टोकाची आहे. तिथं बारीक बारीक चिमट्यांच्या रांगा असतात आणि त्यांनी ती कल्ल्याच्या पाती धरून बसते, मासा केवढ्याही वेगानं पोहू दे, कल्ल्यातून पाणी सतत वाहत असू दे, पकड सुटत नाही. काही जातींत तर चिमटे अंगाच्या एकाच बाजूला येतात, आणि कुठल्या बाजूला ते कृमी कल्ल्यात कुठं बसला त्यावर ठरतं. मला यात सगळ्यात भारी हेच वाटतं.

माणसाला यांच्यापासून काही धोका नाही, त्यामुळं सुरमई टाकून बिकून देऊ नका.

माशांना मात्र या कृमींची गर्दी झाली की त्रास होतो. बऱ्याच परजीवींना मधे गोगलगाय वगैरे दुसरा प्राणी लागतो, यांना नाही. अंड्यातून पोहणारं पिल्लू निघतं आणि थेट दुसरा मासा गाठतं. उघड्या समुद्रात मासा सापडणं नशिबाचा भाग, पण कारवारला समुद्रात पिंजरे टाकून मासे वाढवतात तशा ठिकाणी शेजारीच शेकडो मासे असतात. जपानमध्ये पिंजऱ्यातल्या यलोटेल माशांच्या कातडीवर बेनेडेनिया नावाचा असाच कृमी पडतो, मासे जाळ्याला अंग घासून जखमी होतात. उपाय एकदम साधा, माशांना थोडा वेळ गोड्या पाण्यात ठेवायचं. खाऱ्या पाण्यातल्या कृमीच्या अंगात गोडं पाणी शिरतं, तो पांढरट पडून गळतो. अंडी मात्र यातून वाचतात, त्यांना लांब दोरे असतात आणि ती पिंजऱ्याच्या जाळ्यातच गुंतून राहतात, म्हणून जाळी बदलायची आणि नवीन पिल्लं मोठी होऊन अंडी घालायच्या आत माशांना परत गोड्या पाण्यातून काढायचं.