गोवा पावडर

गोवा पावडर : गजकर्ण आणि सोरायसिस या त्वचारोगांवर एकोणिसाव्या शतकात वापरात असलेली पिवळट रंगाची औषधी भुकटी. नाव गोव्याचे असले, तरी ही भुकटी गोव्यात कधीच तयार होत नव्हती. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात अरारोबा नावाचा शिंबावंत कुळातला उंच वृक्ष आहे. त्याच्या खोडातील भेगांत आणि पोकळ्यांत ती साचते. झाड पाडायचे, ओंडके करून चिरायचे आणि आतला भाग खरवडायचा, अशी काढणीची रीत. हे काम त्रासाचे. धूळ डोळ्यांत गेली की डोळे सुजून लाल होतात. ताजी भुकटी फिकट पिवळी असते आणि हवा लागताच काळवंडत तपकिरी होत जाते.

पोर्तुगीज अमलात बाहिया, लिस्बन आणि गोवा ही बंदरे एकाच व्यापारात गुंफलेली होती. ब्राझीलचा काजू गोव्यात आला, बाहियाची तंबाखू आली, तशीच ही भुकटीही. गोव्यातून ती मुंबईच्या बाजारात जाई. तिथल्या गिऱ्हाइकाला माल गोव्याहून येतो एवढेच ठाऊक, म्हणून ती ‘गोवा पावडर’. पोर्तुगीज बोलणारे मात्र तिला ‘बाहियाची भुकटी’च म्हणत, आणि तेच खरे होते. मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी १८६४ मध्ये तिच्याविषयी लंडनच्या औषधशास्त्रज्ञांना कळवले. कोलकात्याचे डॉक्टर जोसेफ फेरर यांनी १८७४ मध्ये गजकर्णावरचा तिचा गुण प्रसिद्ध केला. ते वाचून बाहियातले डॉक्टर दा सिल्व्हा लिमा यांनी, ही तर आमचीच अरारोबा, असा उलगडा केला.

वापरण्याची पद्धत अगदी घरगुती होती. चिमूटभर भुकटी लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून लेप लावायचा. काही दिवसांत कड बसे, खाज थांबे. पण आजूबाजूची कातडी लालभडक होई, अंगावर पिवळे-तपकिरी डाग पडत आणि तोच हात डोळ्याला लागला तर डोळा सुजे. कपड्यांची गत आणखी वाईट. डाग पडलेला सदरा साबणाने धुवायला घ्यावा, तर साबणातल्या क्षारामुळे पिवळा डाग जांभळट लाल होऊन पक्का बसे.

१८७६ च्या सुमारास लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांच्या लक्षात आले, की गजकर्णावरचे हे औषध सोरायसिसवरही चालते. हे दोन्ही आजार नवख्याला सारखेच दिसतात : गोल, लाल, कोंडा सुटणारे चट्टे. वास्तविक त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा संसर्ग असून तो एकाचा दुसऱ्याला लागतो. त्याची कड उठावदार असते आणि मधला भाग निवळत जातो. डॉक्टर त्याला टिनिया म्हणतात आणि जागेनुसार पुढचा शब्द बदलतात : अंगावर कॉर्पोरिस, जांघेत क्रुरिस, पायावर पेडिस, डोक्यात कॅपिटिस. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. चट्ट्यावर चंदेरी पापुद्रे चढतात आणि ते खरवडले तर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. तो संसर्गजन्य नाही; रुग्णाच्या ताट-टॉवेलापासून लांब राहणाऱ्या नातेवाइकांना हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. खात्री करायची तर चट्ट्याच्या कडेचा कोंडा बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतात आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. गजकर्ण असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू दिसतात.

भुकटीतला गुणकारी भाग क्रायसोफॅनिक आम्ल असावा, असे आधी मानले गेले. १८७८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबरमान आणि झाइडलर यांनी दाखवले, की मूळ द्रव्य क्रायसारोबिन आहे आणि हवेतल्या ऑक्सिजनने त्याचे पुढे क्रायसोफॅनिक आम्ल होते. पहिल्या महायुद्धात जर्मनीला बाहेरचा माल मिळेनासा झाला, तेव्हा त्याच धर्तीवर प्रयोगशाळेत डिथ्रॅनॉल बनवण्यात आले. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ गालेव्हस्की आणि उन्ना यांनी १९१६ मध्ये सोरायसिसवरील त्याचा उपयोग मांडला. आजच्या पद्धतीत डिथ्रॅनॉलचे मलम फक्त चट्ट्यावर लावून दहा ते तीस मिनिटांत धुऊन टाकतात. डाग पाडण्याची खोड मात्र त्याने मूळ भुकटीकडून जशीच्या तशी उचलली.

गंमत अशी, की क्रायसोफॅनिक आम्लासाठी गोव्याला ब्राझीलकडे पाहण्याची गरजच नव्हती. पहिल्या पावसानंतर गोव्यात रस्त्याकडेला माजणारा टाकळा, ज्याची तायकिळ्याची भाजी घरोघरी होते, त्याच्या बियांत ते असते. संस्कृत वैद्यकात या झाडाला चक्रमर्द आणि दद्रुघ्न म्हणतात. दद्रु म्हणजे गजकर्ण. त्याच्या बिया लिंबाच्या रसात वाटून लावण्याचा उपायही जुनाच. अर्थात बियांतले प्रमाण थोडे. अरारोबाच्या भुकटीत निम्म्याहून अधिक भाग क्रायसारोबिनचा, आणि तेही जास्त जहाल. म्हणून टाकळा भाजीतच राहिला आणि जहाजातून आलेली पूड दुकानात विकली गेली.

गजकर्णावर अरारोबा आता कोणी वापरत नाही. १९५८ पासून ग्रिसिओफुल्विन या बुरशीनाशक औषधाची गोळी आली, पुढे टर्बिनाफिन आणि इट्राकोनॅझोल. जून ते सप्टेंबर अंगावरचे कपडे धड वाळत नाहीत अशा गोव्याच्या हवेत हा आजार तरीही ठाण मांडून आहे. चिठ्ठीशिवाय विकत घेतलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमांनी त्यात भर घातली आहे. दोन दिवसांत लाली उतरते, बुरशी मात्र पसरते आणि चट्ट्याची ओळखीची कड पुसली जाऊन डॉक्टरही चकतात. या रूपाला टिनिया इनकॉग्निटो म्हणतात. भारतात सध्या बोकाळलेल्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव मिळाले. तिच्या पुष्कळ नमुन्यांवर टर्बिनाफिनचा उपयोग होत नाही. अशा वेळी इट्राकोनॅझोल काही आठवडे घ्यावे लागते, आणि घरात आणखी कोणाला चट्टे असतील तर त्यांचेही उपचार सोबतच करतात.