दुहेरी काच आणि पश्चिमेचे ऊन: एक खुलासा

दोन काचांची, न उघडणारी खिडकी बसवली की भरपूर उजेड येतो आणि उन्हाची उष्णता बाहेरच राहते, असा समज घर बांधणाऱ्यांमध्ये दीर्घकाळ रूढ आहे. त्याचा पूर्वार्ध खरा असला तरी उत्तरार्ध चुकीचा आहे. दोन काचांमधील कोरडी हवा किंवा आरगॉन वायू आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकामुळे होणारे उष्णतेचे वहन जवळपास निम्म्यावर आणतो, परंतु सूर्यकिरण या पोकळीतून सहज पार होतात. साध्या पारदर्शक दुहेरी काचेतून सूर्याची सुमारे ७० टक्के उष्णता खोलीत येते, तर एकेरी काचेतून ८० टक्क्यांहून थोडी अधिक. म्हणजे पश्चिमेच्या भिंतीत केलेल्या मोठ्या खर्चाचा लाभ अगदीच तुटपुंजा ठरतो. ऊन खऱ्या अर्थाने अडवतो तो बाहेरच्या काचेच्या आतील पृष्ठावरचा धातूचा अतिसूक्ष्म, सौरनियंत्रक लेप, आणि त्याहूनही स्वस्तात बाहेरचा छज्जा. म्हणून विक्रेत्याकडे काचांच्या संख्येपेक्षा सौर उष्णता गुणांक (सूर्याची किती उष्णता काचेतून आत येते ते सांगणारा आकडा; तो जितका कमी तितके चांगले) आवर्जून विचारावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मात्र सर्वच खिडक्या बंद ठेवू नयेत. तिथे वारा खेळण्यासाठी उघडणारी तावदाने अत्यावश्यक आहेत.