एल१ नावाखाली दडलेलं बरंच काही

अमेरिकी फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाच्या, मोनोग्राफमध्ये (एका औषधाच्या तपासणीच्या नोंदीत) कॉलमचं, म्हणजे द्रव क्रोमॅटोग्राफीत मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या भुकटीभरल्या नळीचं, वर्णन एका ओळीत संपतं: '४.६ मिमी × २५ सेंमी, ५ मायक्रॉन, एल१'. ब्रँडचं नाव नसतं. एल१ म्हणजे मुख्यतः सिलिकावर जोडलेली अठरा कार्बनची साखळी, आपला रोजचा सी-१८. तेवढ्यावर विसंबून कपाटातला दुसरा सी-१८ लावावा, तर अशुद्धीचं पीक (आलेखावरचा उंचवटा) मुख्य पीकच्या पोटात शिरलेलं दिसतं. क्यूसीतल्या (गुणवत्ता तपासणी विभागातल्या) नव्या मुलांना वाटतं आपलंच काही चुकलं. खरं कारण बहुधा सिलिकात असतं.

सुरुवात सिलिकाची नव्हतीच. वॉर्सात काम करणाऱ्या मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांतली रंगद्रव्यं कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीतून वेगळी केली आणि १९०६ मध्ये त्या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. १९४१ मध्ये लीड्सला, लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत, मार्टिन आणि सिंज यांनी सिलिकावर पाणी धरून ठेवलं आणि त्यावरून क्लोरोफॉर्म वाहवला. १९५२ चं नोबेल त्यांना मिळालं. १९५० मध्ये हॉवर्ड आणि मार्टिन यांनी हा क्रम उलटवला. भुकटीलाच पाणी नकोसं केलं आणि पाणीमिश्रित द्रव वाहता ठेवला. तोच रिव्हर्स्ड फेज. औषधांचे नमुने बहुतेक पाण्याशी जमवून घेणारे, त्यामुळे सत्तरच्या दशकात साखळी रासायनिक बंधाने पक्की बसवलेले कॉलम बाजारात आले तेव्हा औषध विश्लेषणाने ते लगेच उचलले.

अडचण इथेच आहे. सिलिकाच्या पृष्ठभागावरचे सिलॅनॉल गट (सिलिकॉनला जोडलेले ओएच), ज्यांना सी-१८ ची साखळी जोडतात, ते दाटीने असतात आणि सी-१८ ची साखळी जाड, म्हणून निम्म्याच्या आसपास सिलॅनॉल मोकळे राहतात. जुन्या सिलिकात लोह, ॲल्युमिनियमचे अंश असत. त्यांनी हे सिलॅनॉल अधिक आम्लधर्मी होत. अमाइन (नायट्रोजनचा क्षारधर्मी गट) असलेलं औषध तिथे अडकलं की पीकला लांब शेपूट फुटे. मोबाइल फेजमध्ये, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात, सिलॅनॉलना गुंतवून ठेवायला ट्रायएथिलअमाइन घालायची रीत त्यातूनच आली. कितीतरी जुन्या पद्धतींत ते अजून आहे. पुढे लहान गटांनी उरलेले सिलॅनॉल झाकणारं एन्डकॅपिंग रुळलं आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून अतिशुद्ध सिलिका आलं. दोन्ही पिढ्यांचे कॉलम मात्र एल१ मध्येच बसतात.

भुकटीचे कण लहान होण्याची गोष्ट यापेक्षा सरळ आहे: कण लहान, तर पीक अधिक नेटकी. २००४ मध्ये १.७ मायक्रॉनचे कॉलम आले, पण त्यांना जास्त दाब पेलणारं यंत्र लागलं. काही वर्षांतच २.७ मायक्रॉनचे, आत भरीव आणि वर अर्धा मायक्रॉन सच्छिद्र थर असलेले कण आले. त्यांनी कमी दाबात जवळपास तेवढंच काम दिलं.

लेबलवर भागेना म्हणून मोजमाप आलं. १९८९ मध्ये जपानच्या तानाका यांच्या गटाने ठरावीक रसायनं सोडून कॉलम तपासायची चाचणी दिली. नंतर स्नायडर, डोलन आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक कॉलमला काही आकडे दिले: जलविरोध, मोठ्या रेणूंना आत शिरताना होणारी जागेची अडचण, हायड्रोजन बंधाची आम्लता व क्षारता, आणि धनभारित रेणू ओढण्याची ताकद. हा शेवटचा आकडा पीएच २.८ आणि ७.० असा दोनदा दिला जातो. क्षारधर्मी औषधासाठी पर्यायी कॉलम शोधताना मी तोच सर्वांत आधी बघतो, आपल्या मोबाइल फेजच्या पीएचला जवळचा असेल तो.