आर्पियेरा आणि कुएका सोला: एकीत नाव झाकलेलं, दुसरीत चेहरा उघडा

८ मार्च जवळ आला की चिलीच्या बायकांवरचा मजकूर फिरायला लागतो. चित्र आर्पियेराचं, म्हणजे चिंध्या शिवून केलेल्या चित्राचं, माहिती कुएका सोलाची, म्हणजे जोडीचा नाच बाईने एकटीने नाचायचा त्याची, वर शीर्षक 'मूक प्रतिकार'. हा घोळ आता पुरे. ११ सप्टेंबर १९७३ ला चिलीचा लष्करप्रमुख पिनोशेने सत्ता बळकावली. त्यानंतर ज्यांची माणसं त्याच्या राजवटीने उचलून नेली आणि परत आली नाहीत, त्या बायका दोन्हींमागे होत्या, एवढं खरं.

आर्पियेरा भरतकामवाल्यांना ठाऊकच आहे. पोत्याच्या कापडावर चिंध्या शिवून केलेलं चित्र, कधी बेपत्ता माणसाच्याच कपड्यांतलं. चर्चच्या आसऱ्याने बायका शिवायच्या, परदेशात विक्री व्हायची, घरात चार पैसे यायचे. तिला 'चिलीची गोधडी' म्हणू नका, ती पांघरायला केलेली नव्हती. आणि खाली सही नसायची, कारण नाव कळलं तर जिवावर बेतायचं.

कुएका सोलात लपायला जागाच नाही. ८ मार्च १९७८ ला सांतियागोच्या काउपोलिकान थिएटरात बेपत्तांच्या नातेवाइकांच्या संघटनेने हा नाच केला, तो भर सभेत, छातीवर आपल्या माणसाचा फोटो लावून. मूक तर मुळीच नव्हता, सोबत गाणं होतं.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते पुढे. कुएका हा जोडीचा नाच. दोघांच्या हातात रुमाल, समोरासमोर अर्धवर्तुळं घ्यायची, जागा बदलायच्या. तो आर्जव करतो, ती हुलकावणी देते. कुएका सोलात बाई फक्त आपला वाटा नाचते. जागा बदलताना तो शेजारून जाणार असावा तशी वाट सोडून पलीकडे जाते. त्याची पावलं ती टाकत नाही. हल्ली एखादी नर्तकी हाच नाच अख्खा रंगमंच व्यापून, गिरक्या घेत करते, तेव्हा मला बघवत नाही. त्याची जागा भरली की सगळा अर्थच गेला. नवऱ्याची, भावाची, मुलाची ती जागा रिकामी दिसलीच पाहिजे.

१९७९ मध्ये राजवटीने कुएकाला राष्ट्रीय नृत्य ठरवलं. म्हणजे सरकारने देशाचा म्हणून जो नाच मिरवला, त्यातली अर्धी जोडी सरकारनेच गायब केली होती, हे या बायका त्याच नाचातून दाखवत राहिल्या. १९८८ च्या सार्वमतात पिनोशेविरोधी 'नो' (म्हणजे 'नाही') बाजूच्या टीव्ही प्रचारात कुएका सोला देशभर घराघरांत दिसला. आर्पियेरांचं गिऱ्हाईक तोवर मुख्यतः परदेशातच होतं.